लालबागचे दोन लाकडी मासे

मुंबईला जाऊन आले म्हटलं की आमच्या सोलापुरात लोक आधी समुद्राचं विचारतात आणि मग राणीच्या बागेचं. मी या खेपेला दोन्ही पाहिलं नाही. जे पाहिलं ते लालबागच्या एका तळमजल्याच्या खोलीत पाहिलं, बरंचसं उभ्याने आणि बोटांना सरस चिकटलेला असताना. मुंबईत काय खावं, कुठून कुठे कसं जावं, हे वाटेत येईल तसं सांगेन. पण हकीगत त्या खोलीची आहे.

इंदू माझी मावसबहीण. माझ्याहून बरीच लहान, अविवाहित, आणि बोलायला लागली की ट्राम सुटल्यासारखी. तिचे वडील लाकडी जडावकाम करत. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे जाड कागदाएवढे पापुद्रे कापायचे, त्यांचे लहान लहान तुकडे एकमेकांत बसवून चित्र करायचं आणि ते पेटीच्या झाकणावर किंवा टेबलावर सरसाने चिकटवायचं. रंगाचा थेंब वापरायचा नाही. काळं हवं तर आबनूस, तांबडं हवं तर अंदमानचा पडौक, पिवळं हवं तर सिलोनचं साटीन. इंदू लहानपणापासून त्यांच्या हाताखाली होती. गेल्या वर्षी काका वारले आणि खोली, हत्यारं आणि लाकडांचे उरलेले तुकडे तिच्याकडे आले.

पूर्णपणे आले नाहीत, हीच अडचण होती. खोली भाड्याची आणि पावती तिच्या आजोबांच्या नावाची. त्यामुळे तिचा चुलतभाऊ दत्तू याचाही खोलीवर हक्क. दत्तूला तिथे शिलाईची यंत्रं बसवायची होती. शेवटी घरात ठरलं, की इंदूला स्वतःच्या नावावर आलेलं पहिलं मोठं काम वेळेवर पार पडलं आणि पुढचं काम मिळालं तर खोली तिची. नाहीतर दत्तूची.

इंदूने मला लिहिलं, “अक्का, चित्र काढता येत नसलं तरी चालेल. सांगितलेलं न विसरणारं माणूस हवंय.” मी मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. न विसरणं हाच माझा धंदा. रजा टाकली, शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधल्या आणि निघाले.

गिरगाव

मावशीच्या, म्हणजे इंदूच्या आईच्या, चाळीत पोचले तेव्हा ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने माझं सामान पाहून पहिला प्रश्न केला, “पाण्याची घागर नाही ना आणलीस?” मागच्या वेळी मी आणली होती. सोलापूरच्या माणसाला दुसऱ्याच्या गावच्या नळावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

जेवायला भात, नारळ घातलेलं वालाचं बिरडं आणि तळलेले बोंबील. आमच्याकडे भात शेवटी, भाकरी पोटभर झाल्यावर. इथे भातानेच सुरुवात आणि भातानेच शेवट. मी माझी कडक भाकरी काढली. मावशीने ती ताटावर आपटून पाहिली आणि म्हणाली, “ही इंदूला दे. जडवेल कशात तरी.”

त्या दिवसांत मुंबईत कोणी शांत बसलेलं मला दिसलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने शहर ढवळून निघालं होतं. जिन्यात, नळावर, पानाच्या गादीवर तोच विषय. उद्या सभा, परवा मोर्चा, कुणाला धरलं, कोण सुटलं. दत्तूच्या शर्टाचा खिसा पत्रकांनी फुगलेला. तो माणूस वाईट नव्हे. मला बघताच वाकून नमस्कार केला, बॅग वर नेऊन ठेवली आणि लगेच सुरू झाला, “अक्का, तुम्हीच सांगा. एका बाईला लाकडं चिरायला अख्खी खोली लागते का?”

“आणि तुला शर्ट शिवायला लागते?” इंदू आतून म्हणाली.

“माझ्याकडे चार बायकांना काम मिळेल.”

“मुंबई सगळ्यांची म्हणून रस्त्यावर ओरडतोस रे, आणि माझी एवढीशी खोली तेवढी तुझी होय?”

दत्तूने हसून चपला घातल्या. त्याला मोर्चाला जायचं होतं.

दारुखाना

काम होतं एका लग्नाच्या पेटीच्या झाकणाचं. दादरच्या पारशी कॉलनीतल्या बानूबाईंच्या नातीचं लग्न होतं. पारशांकडे शुभकार्याला माशाचा मान. दारात खडूने मासे काढतात, भेटीच्या ताटातही मासा ठेवतात. त्यामुळे झाकणावर समोरासमोर दोन मासे, दोन्ही सारखे, शिसमच्या काळपट जमिनीवर. बानूबाईंच्या मुलाचं फर्निचरचं दुकान होतं. झाकण पसंत पडलं तर दुकानाचं काम पुढे इंदूकडे येण्यासारखं होतं. म्हणजे सगळं त्या दोन माशांवर येऊन थांबलेलं.

माशांच्या खवल्यांना साटीन हवं होतं. ते कुठल्या वखारीत मिळत नाही. दारुखान्यात जुनी जहाजं तोडतात, त्यांच्या केबिनींमधून कधी एखादी फळी निघते. आम्ही गेलो ती जागा म्हणजे गंजलेले साखळदंड, नांगर, कमोड, पितळी दिवे आणि वाकलेल्या लोखंडाचे डोंगर. पाय कुठे ठेवावा याचा विचार केल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. इंदू मात्र माहेरी आल्यासारखी फिरत होती. एका दुकानात तिने मळकट पांढऱ्या रंगाने माखलेली हातभर फळी उचलली, कोपरा चाकूने खरवडला आणि थुंकी लावली. खालून लोण्यासारखं पिवळं लाकूड चमकलं.

“अजून आहे?” मी दुकानदाराला विचारलं.

“एवढंच. बाकीचं एका साहेबाने नेलं. कुत्र्याचं घर करायला.”

इंदूने डोळे मिटून घेतले. मला वाटतं तिने मनातल्या मनात त्या कुत्र्याला शिवी दिली.

परतताना बसमध्ये कंडक्टरने अडवलं. “हे काय आहे बाई?”

“फळी,” मी म्हटलं.

“फळी आहे हे दिसतंय. उभी राहिली तर एक तिकीट, आडवी झाली तर तीन.”

“मांडीवर घेते,” इंदू म्हणाली. “पाच वर्षांखालची आहे.”

“जहाजाची दिसतेय. तुमच्या आजीपेक्षा मोठी असेल.”

“मग म्हाताऱ्या बाईला बसायला जागा द्या की.”

मागच्या बाकावरचा एक माणूस खरोखरच उठला. लालबागपर्यंत ती फळी खिडकीशी बसून आली आणि मी उभ्याने.

लालबाग

खोली चाळीच्या मागच्या अंगाला. समोर पार्वतीबाईंची खानावळ, गिरणीतल्या माणसांसाठी. दोन्हींच्या मधल्या बोळात एका बाजूने सरसाचा वास यायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या कढीचा. सरस म्हणजे हाडाकातड्याचा डिंक. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तो पातळ करतात. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर लावला. नंतर पदराचा वासही तोच झाला.

इंदूने मला कामं वाटून दिली: शेगडी बघायची, तुकडे रंगाप्रमाणे थाळ्यांत ठेवायचे, वाळू तापवायची. वाळूचं ऐकून मी चमकले. खवल्याला एका कडेने सावली हवी असते, नाहीतर मासा सपाट दिसतो. त्यासाठी कढईत बारीक वाळू तापवून लाकडाचा तुकडा चिमट्याने तिच्यात क्षणभर खोचायचा. कड भाजते, तांबूस होते आणि आतल्या बाजूला रंग फिका होत जातो. आमच्याकडे भडभुंज्या अशाच वाळूत फुटाणे भाजतो. मी तसं म्हटल्यावर इंदू म्हणाली, “मग तुला जमेल. फक्त फुटेपर्यंत ठेवू नकोस.”

मला जमलं. दोन-तीन खवले जळले, ते तिने न बोलता शेगडीत टाकले.

आणखी एक गोष्ट मी तिथे शिकले. लाकडाला रेघा असतात आणि उजेड त्या रेघांवरून घसरतो. इंदू एक खवला उभ्या रेघेचा बसवायची, शेजारचा तिरक्या रेघेचा. जुळवलेल्या तुकड्यांची फळी हातात घेऊन जराशी कलती केली तरी मासा सळसळल्यासारखा वाटायचा. मी तो उगीचच पुन्हा पुन्हा कलता करून पाहिला. “झिजेल,” ती म्हणाली.

सगळे तुकडे चित्राच्या आराखड्यावर जुळवून झाले की त्यांच्या तोंडावर भाताच्या पेजेच्या खळीने कागद चिकटवायचा. त्यामुळे चित्र एकसंध उचलता येतं. मग पाठीला सरस लावून फळीवर दाबायचं आणि वाळल्यावर तोंडावरचा कागद भिजवून सोलायचा. पण लालबागचे उंदीर खळीला सोडत नाहीत. म्हणून कागद लावलेलं चित्र आढ्याच्या तारेला शिंकाळ्यासारखं टांगून ठेवायचं, अशी काकांची रीत. उंदीर लागू नयेत म्हणून बुकबाइंडर खळीत विषारी मोरचूद घालतात, पण त्याचा निळसर डाग पिवळ्या लाकडावर उतरतो. त्यापेक्षा टांगलेलं बरं.

त्या दुपारी दोन्ही माशांवर कागद चढला. तो ओला होता. ओला टांगला तर वजनाने फाटेल, म्हणून चित्र टेबलावर सपाट ठेवून आम्ही तो वाळायची वाट पाहत होतो. एवढ्यात गिरणीचा भोंगा भलत्याच वेळी वाजला. बोळातून माणसं धावत जाऊ लागली. पार्वतीबाईंनी खानावळीच्या फळ्या लावायला घेतल्या.

“परळाक लाठी चालली म्हणतत,” त्या ओरडल्या. “घराक जावा गो, ट्रामी बंद होतले.”

इंदू टेबलाकडे पाहत उभी राहिली. मीच तिला दंडाला धरून बाहेर काढलं. चित्रावर तिने एक धोतराचं फडकं टाकलं आणि कुलूप लावलं.

हरताळ

गिरगावात आम्ही अडकलो. ट्राम नाहीत, बस नाहीत, दुकानं बंद. खाली घोषणा, मग पळापळ, मग डोळे चुरचुरवणारा धूर, मग अजिबात आवाज नाही. ती शांतता सगळ्यात वाईट. मला रिकामं बसता येत नाही. मावशीचे डबे घासले, मसाल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मग मावशीने तिखट कुठे आहे ते विचारलं आणि मलाच सापडेना.

इंदू खिडकीला. मध्येच म्हणायची, “आता कागद वाळला असेल.” थोड्या वेळाने, “आता वास सुटला असेल.”

दत्तू संध्याकाळी आला, बाही फाटलेली, कोपर सोललेलं. मावशीने हळद भरली. तो इंदूला म्हणाला, “लालबागला कुणाला जाऊ देत नाहीत. मी प्रयत्न केला.”

“तू कशाला?”

“तुझे मासे बघायला. उद्या तू हरलीस आणि दोष उंदरांचा निघाला, तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.”

वाट मोकळी झाली असं कळताच आम्ही पहाटे चालत निघालो. गिरगावाहून भायखळा, चिंचपोकळी, लालबाग. रस्त्यावर दगडांचा खच, एका कोपऱ्यावर जळलेले टायर, आणि त्याच्या शेजारी एक बाई नेहमीसारखी कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेली. इंदू माझ्यापुढे इतकी भरभर चालत होती की मी दोनदा मागे पडले.

कुलूप काढलं. फडकं जमिनीवर होतं. कागद कडांनी कुरतडून मधोमध भगदाडं पडली होती. एक मासा अर्धामुर्धा जाग्यावर होता. दुसऱ्याचे खवले टेबलभर, जमिनीवर, कपाटाखाली, आणि बरेचसे फरशीच्या भेगेतून आत ओढून नेलेले. खळ लागलेली होती ना त्यांना.

इंदू खाली बसली. रडली नाही. एक खवला उचलला, फुंकला, तळहातावर ठेवला. मी माझ्या परीने कामाला लागले. सगळे तुकडे वेचले, धुतले, पुसले आणि लाकडाप्रमाणे थाळ्यांत मांडले. झालं तेव्हा हिशेब स्पष्ट होता. एका माशाला पुरतील एवढे खवले होते. दुसऱ्याला नव्हते. आणि साटीनची फळी संपलेली.

“लाखेत भुसा कालवून भोकं भरू,” मी म्हटलं. “वरून पॉलिश. कोण बघतंय?”

“दिवा बघेल. भुशाला रेघ नसते, अक्का. मासा हलेल आणि जिथे भर घातली आहे तिथे तो मेलेला दिसेल.”

“मग एकच मासा करू.”

“लग्नाला एक?”

आम्ही दोघी चिडलो होतो. ती माझ्यावर, मी तिच्यावर आणि दोघी उंदरांवर. आवाज ऐकून पार्वतीबाई दारात आल्या. त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या गेल्या आणि एक मोडका पाट घेऊन परत आल्या.

“ह्यो व्हर गो. फणसाचो आसा. माझ्या घोवान बसान बसान मोडल्यान. तेका दुसरा काम नाय.”

त्यांच्या नवऱ्याचा तो पाट धुराने आणि तेलाने काळा झालेला. इंदूने त्याच्या कडेवर रंधा मारला. खालून हळदीसारखं पिवळं निघालं. तिने साटीनचा खवला शेजारी ठेवला. मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. सारखंच.

“झालं की,” मी म्हटलं.

“आज सारखं आहे. फणस उन्हा-वाऱ्याने तांबडा होत जातो. साटीन होत नाही.”

“किती दिवसांत?”

“वर्षांत.”

“मग आपल्याला काय?”

तिने करवतीला नवं पातं चढवलं.

त्यानंतरचं सलग आठवत नाही. मी वाळू तापवत होते, ती कापत होती. पार्वतीबाई दोन वेळा भात आणि सुकटीची चटणी आणून देत. हात धुवायला वेळ नव्हता म्हणून इंदूला मीच घास भरवले. तिने एकदा माझं बोट चावलं आणि सॉरी म्हणाली. या वेळी कागद वाळेपर्यंत आम्ही आळीपाळीने टेबलाशी बसलो, हातात वहाण घेऊन. मग सरस, दाबून धरायचे शिकंजे, कागद सोलणं, पात्याने खरवडणं, चपड्याच्या पॉलिशचे हात. झाकण तयार झालं. दोन मासे समोरासमोर, आणि मला दोन्हींत फरक सांगता येईना.

बानूबाई

बानूबाई टॅक्सीने आल्या. कापूर आणि चंदनाचा वास, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. दत्तूही त्याच वेळी आला होता, गळ्यात शिंप्याची टेप टाकून. काम पसंत पडलं नाही तर लगेच मोजमाप घ्यावं, असा त्याचा बेत असावा. मी भिंतीशी उभी राहून पटाश्या लहान-मोठ्या लावायला घेतल्या. त्या आधीच लावलेल्या होत्या.

बानूबाईंनी झाकण दारातल्या उजेडात कलतं केलं. दोन्ही मासे सळसळले. “बहु सरस,” त्या म्हणाल्या. “पोरगी खूश होणार.”

मी हातातली पटाशी खाली ठेवली. तेवढ्यात इंदू म्हणाली, “डावा मासा साटीनचा आहे. उजवा फणसाचा. आज सारखे दिसतात, पण उजवा पुढे गडद होईल.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मुद्दाम माझ्याकडे पाहिलं नाही.

“काळा?” बानूबाईंनी विचारलं.

“काळा नाही. आधी मधासारखा. मग कोऱ्या चहासारखा.”

“केटला वरस?”

“दहा-पंधरा.”

“मग असा का केला?”

इंदूने सगळं सांगितलं: हरताळ, ओला कागद, उंदीर, पार्वतीबाईंचा पाट. बानूबाई स्टुलावर बसल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी उजव्या माशाकडे वाकून पाहिलं.

“मी तवा नसणार,” त्या म्हणाल्या. “पण छोकरी असेल. ती विचारणार, एक मासा लाल का? तिला कोण सांगणार?”

“मी सांगेन. इथे असले तर.”

“असले तर म्हंजे? कुठे चालली तू?”

इंदूने दत्तूकडे पाहिलं. मला गप्प राहवत नाही. मी चार वाक्यांत खोलीची गोष्ट सांगितली. दत्तूने टेप गळ्यातून काढून हातात गुंडाळायला सुरुवात केली.

बानूबाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. “तू शिंपी?”

“शर्ट शिवतो.”

“शर्ट फाटला तर नवा घेते. मासा लाल झाला तर मी कुणाला विचारू? तुला?”

दत्तूने गुंडाळलेली टेप परत उलगडली.

त्या इंदूकडे वळल्या. “मुलगा दोन टेबलं सांगेल. पैला चांगला झाला तर दुसरा. पण ऐक. पंधरा वरसांनी पेटी तुझ्याकडे पाठवणार, आणि तू छोकरीला सांगणार. कबूल?”

“कबूल.”

त्यांनी झाकण शालीत गुंडाळलं आणि टॅक्सीवाल्याला हाक मारली. त्या गेल्यावर दत्तू दाराशी गेला आणि चौकटीला टेप लावली.

“आता काय मोजतोस?” इंदूने विचारलं.

“टेबलं बाहेर निघतील का ते बघतोय. नाहीतर केलीस आणि आतच राहिली.” त्याने आकडा सांगितला, टेप खिशात घातली आणि म्हणाला, “दोन यंत्रं मी घरच्या गॅलरीत बसवतो. काकूला तू सांग. मला तिची भीती वाटते.”

निघताना

परतीच्या दिवशी सामान बोरीबंदरला ठेवून मी इंदूचा निरोप घ्यायला लालबागला गेले. गाडीला पुरेसा अवकाश होता. वाटेत मी मनात ठरवलं होतं, तिला काय काय सांगायचं: वेळेवर जेवायचं, खळीचं भांडं झाकायचं, दत्तूशी भांडण वाढवायचं नाही, महिन्याला पत्र टाकायचं.

ती पहिल्या टेबलाच्या फळीवर वाकलेली होती. नुकताच चिकटवलेला पापुद्रा एका कडेने उचलत होता आणि तिचे सगळे शिकंजे दुसऱ्या बाजूला अडकले होते.

“अक्का, बरी आलीस,” ती वर न बघता म्हणाली. “ही कड दाब. दोन्ही हातांनी. सोडू नकोस.”

मी पिशवी खाली टाकली आणि दाबली. लाकूड गरम होतं. मी तिला जेवणाचं सांगितलं, भांड्याचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. ती हूं म्हणत होती. मग मी तिला गाडीची वेळ सांगितली.

“मला काय सांगतेस,” ती म्हणाली, “सरसाला सांग.”

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सोलापूरला आले.